गुरुजींच्या म्युझियममधला दादाचा फोटो

भाजे गावची एक बाई एके दिवशी सकाळी गुरुजींच्या म्युझियममध्ये आली आणि डोक्यावरचं गाठोडं उतरवून तिने टेबलावर ठेवलं. मी तेव्हा तिथेच होते. मुलींच्या शाळेत मला मास्तरीण होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी मी गुरुजींना चिठ्ठ्या लिहून द्यायला जात असे. माझं अक्षर चांगलं होतं आणि गुरुजींचा हात म्हातारपणाने कापायला लागला होता.

म्युझियम म्हणजे वाचनालयाच्या मागच्या दोन खोल्या. गुरुजी निवृत्त शिक्षक. उभ्या हयातीत ते लोहगड, विसापूर, कार्ला, बेडसे असे पायी फिरले आणि जे सापडेल ते पिशवीत घालून आणत राहिले. फुटकी मडकी, तोफेचे गोळे, गंजलेली नाणी, कुठल्याशा वीरगळाचा अर्धा तुकडा. लोणावळ्यात लोक त्याला तोंडावर म्युझियम म्हणत आणि माघारी गुरुजींची अडगळ.

बाईने गाठोडं सोडलं. आत फौजेतून परत आलेलं तिच्या मुलाचं सामान होतं: एक लोकरी बंडी, ॲल्युमिनियमचा मग आणि दाढीचा आरसा.

“गुरुजी, तुमी दगडंसुदिक जपून ठिवता,” ती म्हणाली. “माझ्या ल्येकाचं येवढं ठिवा. घरात ठिवलं तर जीव ऱ्हात न्हाई आन टाकायचं म्हटलं तर हात व्हत न्हाई.”

गुरुजींनी कपाटाच्या मधल्या फळीवरचे तोफेचे गोळे उचलून खाली जमिनीवर ठेवले, फळी धोतराच्या सोग्याने पुसली आणि बंडी, मग, आरसा तिथे मांडला. बाईने ते पाहिलं, आरसा जरा सरळ केला आणि निघाली. जाताना तिची पाठ येतानापेक्षा ताठ होती, हे मला स्पष्ट आठवतं.

युद्ध संपून वर्ष उलटलं होतं. तो शेहेचाळीस सालचा हिवाळा. मावळातून पुष्कळ पोरं गेली होती, काही परत आली, काही आली नाहीत. त्या बाईनंतर गुरुजींच्या मनात आलं की जे परत आले नाहीत त्यांच्या घरच्यांना बोलवावं, ज्याला जी वस्तू द्यावीशी वाटेल ती मांडावी, नावं वाचावीत आणि सगळ्यांनी मिळून एकदा त्यांची आठवण काढावी. हे सोपं नव्हतं. सरकारी कचेरीतून निरोप आला की झेंडा लावा, साहेब येतील. गावातली बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेली तरुण मंडळी म्हणाली, इंग्रजांच्या लढाईत मेलेल्यांचा कसला सोहळा करता? गुरुजींनी दोघांनाही एकच उत्तर दिलं. झेंडा लागणार नाही, बँड वाजणार नाही, भाषण होणार नाही. “आपण लढाईची आठवण काढत नाही,” ते म्हणाले, “आपल्या पोरांची काढतोय. ज्याला यायचं त्याने यावं.”

मग गुरुजी आणि मी सुट्टीच्या दिवशी गावोगाव जाऊ लागलो. मळवलीला उतरून भाजे, पाटण. पुढे कामशेत, तळेगाव, इंदुरी. कुणी बांबूची बासरी दिली, कुणी नुसतं पत्र. तळेगावच्या एका मुसलमान शिंप्याचा मुलगा फौजेत शिंपीच होता. त्या बापाने गळ्यातली मोजायची फीत काढून दिली. मुलगा तीच फीत वापरायचा, तो गेल्यापासून बाप वापरत होता. दुसरी घेईन म्हणाला.

मी प्रत्येक वस्तूसाठी चिठ्ठी लिहीत होते. नाव, गाव, कुठे गेला, कुठे वारला. आणि लिहिताना रोज मनात एकच गोष्ट होती, ती मी गुरुजींना सांगत नव्हते आणि गुरुजी मला विचारत नव्हते. माझा दादा सिंगापूरला गेला होता आणि चार वर्षांपूर्वी तार आली होती: बेपत्ता.

आमच्या घरात तेव्हा तिघंच होतो. वडील, वहिनी आणि मी. आई मी लहान असतानाच गेली. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना रेल्वेत गाड्या तपासण्याच्या कामावर होते. मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी घाट उतरण्याआधी लोणावळ्याला थांबते, आणि ब्रेक, चाकं पाहूनच पुढे सोडतात. लांब दांड्याचा हातोडा घेऊन नाना गाडीच्या कडेने चालत आणि एकेका चाकावर ठोका देत. धड चाक घंटेसारखं वाजतं आणि चीर गेलेलं खोकल्यासारखं. नानांचा कान त्यात तयार झालेला होता.

दादालाही त्यांनी शेडमध्ये फिटर म्हणून चिकटवलं होतं. दोन वर्षं काम करून दादाने ते सोडलं आणि घरात न विचारता फौजेत नाव दिलं. वहिनीशी लग्न होऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. नाना रागावले, पण ओरडले नाहीत. त्यांनी बोलणंच टाकलं. दादाला जायचं त्या दिवशी वहिनी आणि मी स्टेशनवर गेलो. नानांची पाळी होती. दादा खिडकीत बसलेला, आणि त्याच गाडीची चाकं ठोकत नाना एका टोकाकडून येत होते. खिडकीखाली आले तेव्हा दादाने बाहेर वाकून हाक मारली. नानांनी वर पाहिलं नाही. ठोके देत पुढे गेले. गाडी सुटली. त्या गोष्टीवरून मी नानांना मनातून कधीच क्षमा केली नव्हती, आणि मला वाटतं नानांनीही स्वतःला केली नव्हती.

तारेनंतर घर थांबून राहिलं. नाना म्हणत, ज्याची बातमी नाही तो मेलेला नाही. कुणी दिवस करण्याचा विषय काढला तर ते उठून जात. वहिनी रोज सकाळी कुंकू लावायची, आणि लावताना तिचा हात क्षणभर कपाळापाशी थांबायचा. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत नव्हत्या आणि बोलवायचं टाळलं असं म्हणतही नव्हत्या. ती सातवी पास झालेली. पुण्याला सुईणीचं शिक्षण घ्यावं असं तिच्या फार मनात होतं, पण कोण म्हणून जायचं? सवाशीण म्हणून, की विधवा म्हणून? फॉर्मवर काय लिहायचं, इथपासून सगळं अडलेलं.

समारंभाच्या आठ दिवस आधी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि डब्यातून दादाचा फोटो काढून दिला. लग्नानंतर पुण्याला काढलेला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असलेला. म्हणाली, हा गुरुजींना दे. मी म्हटलं, नानांना कळलं तर? ती म्हणाली, कळू दे. मग जरा थांबून म्हणाली, “चिठ्ठीवर वारला असं लिहू नकोस. सिंगापूरला गेला, एवढंच लिही. खरं तेवढंच आपल्याला ठाऊक आहे.”

मी तसंच लिहिलं. ज्यांची काहीच बातमी नाही असे आणखी दोघं होते. गुरुजींनी त्या तिघांसाठी खिडकीपाशी वेगळं टेबल मांडलं.

समारंभ सकाळी होता. थंडी मी म्हणत होती, वाचनालयाच्या मागच्या उतारावरचं गवत वाळून पिवळं झालं होतं. मला वाटलं होतं पंचवीस-तीस माणसं येतील. दहाच्या सुमाराला व्हरांडा भरला, मग अंगण भरलं, आणि लोक कुंपणाबाहेर उभे राहिले. पहिल्या गाडीने आलेल्या बायका नव्या लुगड्यांत होत्या. तुरुंगात जाऊन आलेली मंडळीही आली आणि मागे हाताची घडी घालून उभी राहिली. साहेब आले नाहीत.

नाना आले नाहीत. सकाळी मी निघताना त्यांनी फोटोच्या डब्याकडे बोट दाखवून विचारलं होतं, “फोटो तिकडे दिलात?” मी हो म्हटलं. ते भाकरीचा डबा घेऊन कामावर निघून गेले.

नावं मी वाचायची होती. एक नाव वाचलं की त्याच्या घरचं माणूस उभं राहायचं आणि वाटलं तर एखादं वाक्य बोलायचं, एवढाच क्रम. भाज्याच्या बाईने फळीकडे बोट करून सांगितलं की ह्यो माझा थोरला, पाण्याला लय भ्यायचा, आन बोटीत बसून गेला. तळेगावचा शिंपी म्हणाला, माझ्या मुलाने लावलेलं बटण कधी सुटलं नाही. एका म्हाताऱ्याला काहीच सुचेना, तेव्हा त्याने नुसतं मुलाचं नाव पुन्हा एकदा मोठ्याने उच्चारलं आणि खाली बसला. मला वाटलं होतं रडारड होईल. रडलं कुणी कुणी, पण बहुतेकांच्या चेहऱ्यावर मला वेगळंच दिसलं. इतके दिवस ज्याचं नाव घरात दबक्या आवाजात घ्यावं लागत होतं, ते नाव चारचौघांत मोकळं म्हणायला मिळालं होतं.

शेवटी ती तीन नावं आली. दादाचं नाव माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा आवाज माझाच आहे असं वाटलं नाही. वहिनी उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बसली.

मग लोक रांगेने आत जाऊन वस्तू पाहू लागले. मी दारापाशी होते. बघता बघता लक्षात आलं की खिडकीजवळच्या टेबलापाशी एक माणूस केव्हाचा उभा आहे आणि पुढे सरकत नाही. वय तिशीचं असेल, पण केस पांढरे झालेले. गालफडं बसलेली, अंगातला सदरा दुसऱ्याचा वाटावा इतका सैल. त्याची नजर दादाच्या फोटोवर होती. मी जवळ जाणार इतक्यात वहिनी माझ्या पुढे झाली.

“तुम्ही आमच्या दारावरून दोनदा गेलात,” ती त्याला म्हणाली. “उन्हाळ्यात एकदा, आणि एकदा गणपतीच्या आधी.”

माणूस दचकला. त्याने टोपी काढून हातात धरली. म्हणाला, “व्हय वैनी, आलतो. मी इंदुरीचा. तुमी दारात रांगोळी घालत व्हता. कपाळाला कुक्कू बघितलं आन माझा धीर झाला न्हाई. दोन्ही बारीला तसाच माघारी गेलतो.”

वहिनीचा चेहरा पांढरा पडला, पण ती हलली नाही. त्याने बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिने हात वर केला.

“इथे नको,” ती म्हणाली. “नानांसमोर सांगा. हे दोनदा ऐकायची ताकद माझ्यात नाही.”

गुरुजींना मी निरोप सांगितला, आणि आम्ही तिघं रेल्वेच्या चाळीकडे निघालो. दहा-बारा मिनिटांची वाट, पण मला ती कोसभर वाटली. वहिनी पुढे, मी मध्ये, तो मागे. काय ऐकायचं आहे ते तिघांनाही कळलेलं होतं. आश्चर्य असं की माझे पाय जड नव्हते. चार वर्षांत पहिल्यांदाच आम्ही कुठेतरी निघालो होतो.

दुपार कलली होती आणि नाना नुकतेच सकाळची पाळी संपवून आले होते. पायरीवर बसून ते बूट काढत होते, हातोडा भिंतीला टेकवलेला. वहिनीने एवढंच सांगितलं की हे इंदुरीचे, दादाच्या बरोबर होते. नानांनी त्याच्याकडे पाहिलं, बाजूला सरकून पायरीवर जागा केली आणि म्हणाले, “बसा. सांगा.”

त्याने खाली मान घालून सांगितलं. सिंगापूर पडल्यावर दोघं एकाच तुरुंगछावणीत होते. मग बोटीत भरून त्यांना लांबच्या एका बेटावर नेलं. तिथे धावपट्टी बांधायचं काम. पाऊस असा की थांबायचा नाही. दादा म्हणायचा, काळजी करू नका रे, हा आपल्या लोणावळ्याचाच पाऊस आहे, चुकून इकडे आलाय. खायला मूठभर भात आणि रानातली कंदमुळं. दुसऱ्या पावसाळ्यात दादाला ताप धरला. बारा दिवस होता. तेराव्या दिवशी सकाळी गेला.

“एकटा होता?” नानांनी विचारलं.

“न्हाई. डोकं माज्या मांडीवर व्हतं. पाणी मी पाजलं.”

“पुढे?”

जपान्यांनी पुरायला सांगितलं होतं, तो म्हणाला. पण छावणीतल्या सातजणांनी हात जोडून परवानगी मागितली. लाकडं सगळी ओली होती, पेट घेईनात. तेव्हा सगळ्यांनी जाऊन नारळाच्या करवंट्या गोळा केल्या. बेटावर नारळ मात्र रग्गड. करवंट्यांवर ठेवून त्याला अग्नी दिला. अग्नी ह्यानेच दिला, मावळचा म्हणून. राख समुद्रात सोडली.

वहिनी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नारळाचं ऐकलं तेव्हा तिने डोळे मिटले. आम्हा दोघींच्या मनात चार वर्षं काय काय आलं असेल, ते कुणाला सांगता येणार नाही. कुठे पडला असेल, कुणी झाकलं असेल का, कुत्र्या-कोल्ह्यांनी. त्यातलं काहीच झालं नव्हतं. त्याला पाणी मिळालं होतं, अग्नी मिळाला होता, तोही नारळाचा, आपल्या बोलीच्या माणसाच्या हातून.

नाना हातातल्या बुटाची नाडी सोडवत राहिले. मला वाटलं त्यांना ऐकूच आलं नाही. मग तो माणूस म्हणाला की नाना, अजून एक सांगायचं राहिलं. दादा तुमची आठवण फार काढायचा. छावणीत भाताची पातेली होती, त्यावर तो बोटाने टिचकी मारून सांगायचा, हे धड आहे, हे चिरलंय, माझ्या बापाचा कान आहे मला.

“आन एक गोष्ट लई येळा सांगायचा,” तो म्हणाला. “म्हनायचा, माझा बाप मला पोचवायला आला न्हाई आसं घरी सगळ्यांस्नी वाटतं. पन त्या दिवशी त्यानं माझ्या गाडीच्या येकयेका चाकावर दोन-दोन ठोके मारले. येरवी येकच मारतो. माझ्या डब्याखाली तर तीन. मी मोजलं व्हतं.”

नानांनी हळूहळू वर पाहिलं.

“मोजलं होतं?” त्यांनी विचारलं.

“व्हय.”

“मला वाटलं त्याला कळलं नाही,” नाना म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडले. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हासुद्धा. पण ते रडणं दुखणाऱ्या माणसाचं नव्हतं. डोक्यावरचं लाकूडफाट्याचं ओझं उतरवल्यावर माणूस पहिला श्वास घेतो, तसा त्याचा आवाज होता. वहिनी खाली पायरीवर येऊन त्यांच्या शेजारी बसली. सुनेने सासऱ्याशेजारी असं बसायचं नसतं, पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

थोड्या वेळाने नाना उठले, म्हणाले आंघोळीचं पाणी ठेवा. त्या माणसाला त्यांनी जाऊ दिलं नाही. आम्हाला सुतक, म्हणून शेजारणीने त्याला जेवू घातलं, आणि तो जेवत असताना नाना ओल्या पंच्यानिशी समोर बसून होते. बेटावर मासे कसले मिळायचे ते विचारत होते. मध्येच एकदा तर हसले.

संध्याकाळी नानांनी वहिनीला बोलावलं. म्हणाले, कुंकवाचं, बांगड्यांचं तुला वाटेल तसं कर, मी किंवा इतर कुणी काही सांगणार नाही. वहिनीने मंगळसूत्र काढून दादाच्या पेटीत ठेवलं. बांगड्या तिने फोडल्या नाहीत, एकेक करून उतरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पाहिलं तेव्हा तिचं मोकळं कपाळ पाहून मला धस्स झालं. तिला ते दिसलं. ती मला म्हणाली, “रडू नकोस गं. इतकी वर्षं रोज सकाळी माझा हात अडायचा. आज अडला नाही.”

दहावा आम्ही इंदुरीला केला, इंद्रायणीच्या काठी. त्या माणसाचाच आग्रह होता. अग्नी त्याने दिला होता, तेव्हा पिंडदानाला नानांनी त्यालाच बसवलं. गुरुजी आले होते, भाज्याची बाईही आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला कळलं म्हणून आली. तिच्या मुलाचं शेवटी कसं झालं हे तिला कधीच समजणार नव्हतं. सामान मागे डेपोत राहिलं आणि बोट बुडाली, एवढंच. ती मला म्हणाली की तुमचं समजलं हे लय बरं झालं, बाई. मला आमचं हलकं झालेलं ओझं तिच्यासमोर मिरवायची लाज वाटली. तिने माझा हात हातात घेऊन थोपटला, जणू मीच सांत्वनाला आले होते.

परत आल्यावर मी म्युझियममध्ये जाऊन दादाची चिठ्ठी बदलली. त्याच्यापुढे जे लिहायचं राहिलं होतं ते लिहिलं आणि फोटो खिडकीच्या टेबलावरून काढून फळीवर, इतरांच्या रांगेत ठेवला. त्या टेबलावर आता दोघंच राहिले. त्यांच्या घरची माणसं पुढे कित्येक महिने येऊन विचारत, कुणी आलं होतं का? कुणी आलं नाही.

पुढच्या जूनमध्ये वहिनी पुण्याला गेली. फॉर्म मीच भरून दिला होता. नानांनी तिची ट्रंक स्वतः उचलून गाडीत ठेवली, खिडकीपाशी उभे राहिले आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत हलले नाहीत. दोन वर्षांनी ती सुईण होऊन परत आली, आणि वडगावच्या दवाखान्यात तिने पंचवीस वर्षं काढली. माझी दोन्ही मुलं तिच्या हातांत जन्मली. धाकटा उलटा होता आणि मी फार घाबरले होते. तिने माझ्या पोटावर हात ठेवला आणि सांगितलं की घाबरू नकोस, मला समजतंय कुठे आहे ते.